एक्केचाळिसावं नाव

बेळगाव, ११ डिसेंबर २०२४

ती. आप्पांना सुविधाचा सप्रेम जयभीम,

सेटवर मोबाइल गेटपाशीच काढून घेतात आणि तुमच्या खानापूरच्या रानात रेंजही नाही, म्हणून शामूच्या सामानाच्या गाडीबरोबर हे पत्र. आईचा निपाणीहून रोज फोन असतो. तुम्ही वेळेवर जेवता का, असं ती मला विचारते, जणू मीच तुम्हाला वाढते!

आप्पा, माझी एक चूक झाली आहे. चित्रपटाच्या बजेटात मजुरीच्या वर प्रत्येक कामगारामागे पीएफ, ईएसआय, अपघात विमा असा जादा खर्च धरतात. इथे ऑफिसात तो रकाना मीच भरते. साहेबांनी चाळीस माणसांचा खर्च मंजूर केला, आणि यादीत होती एक्केचाळीस. लेकीनं बापाची सोय लावली असं कुणी म्हणू नये म्हणून मी तुमचंच नाव गाळलं. तुम्ही खाली बसून दारं-खिडक्या करणार होतात ना? काल शामू म्हणाला की तुम्ही चाळीस फुटी मनोऱ्यावर फळ्या ठोकता. वर चढू नका.

रागवा, पण माया कमी करू नका.
सुविधा

खानापूर, १२ डिसेंबर

चि. सुविधास आशीर्वाद आणि जयभीम,

नाव गाळलंस ते मला पहिल्याच दिवशी कळलं. यादीतल्यांना निळा बिल्ला देतात, आणि त्याशिवाय वर चढू देत नाहीत. मला पांढरा मिळाला. राग नाही आला, उलट पोरगी सरळ निघाली म्हणून बरं वाटलं. आमच्या वेळी मुकादम आधी सासुरवाडीची नावं लिहायचा.

आता सांगतो त्यावर चिडू नकोस. कंग्राळीचा भरमू माझ्या जोडीला आहे. त्याचा बिल्ला निळा, पण दहा फुटांवरच त्याचे पाय लटलट कापतात. तसं बोलला तर काम जाईल, आणि घरी बायको बाळंतीण. म्हणून त्याचा बिल्ला लावून मी वर जातो आणि तो खाली माझं काम करतो. तीस वर्षं स्लॅबच्या सेंट्रिंगच्या फळ्यांवर काढली, मला काय होतंय? आईला यातलं काही बोलू नकोस.

म्हाताऱ्यावर लोभ ठेव.
आप्पा

बेळगाव, १३ डिसेंबर

ती. आप्पा, जयभीम.

तुमचं पत्र पोहोचलं. तुम्ही पडलात तर कागदावर भरमू पडेल. दवाखान्यात त्याचं नाव लिहितील, रडारड त्याच्या घरी होईल, आणि तुम्हाला विचारणारं कुणी नसेल. हे सगळं माझ्या एका फुलीनं झालं.

आज साहेबांना म्हटलं की एक्केचाळिसाव्याचा खर्च माझ्या पगारातून कापा. कुरकुरत सही केली त्यांनी. पण विमा कंपनी म्हणते की नाव पंधरा तारखेपासून लागू. मधे फक्त उद्याचा दिवस आहे. भरमूचा बिल्ला परत करा आणि उद्या जमीन सोडू नका. मला फार भीती वाटते आप्पा.

एवढं ऐकाच.
तुमची सुविधा

खानापूर, १४ डिसेंबर, दुपार

चि. सुविधा, जयभीम.

तुझं ऐकलं. सकाळीच भरमूला बिल्ला परत केला आणि अंग दुखतंय म्हणून खाली बसलो. मला वाटलं, आजच्या दिवस तोही काहीतरी सबब सांगेल. पण मुकादमानं निळा बिल्ला बघून त्याला वर पाठवलं, आणि तो दात आवळून चढला.

चढला खरा, आता उतरेना. वरच्या खांबाला मिठी मारून, डोळे मिटून बसलाय. खालून सगळे ओरडतात, त्यामुळे तो जास्तच भेदरतो. दोर आणायला माणूस गेलाय, तेवढ्यात या चार ओळी लिहितो. उंचीवर काम केलेला इथे माझ्याशिवाय कुणी नाही. मुकादम माझ्या पांढऱ्या बिल्ल्याकडे बघतो आणि मान फिरवतो. तीस वर्षांत कधी भ्यालो नाही. आज भ्यालोय पोरी, कारण तुझं पत्र खिशात आहे.

दोर आला. शामूही गाडी काढतोय. माझं नाव उद्यापासून लागू आहे, ते लक्षात आहे. मी वर जातो आहे.

तुला आणि आईला आशीर्वाद.
आप्पा