बरगड्या मऊ होईपर्यंत

१ जानेवारी २०२५, बुधवार

डायरी खताच्या दुकानातून फुकट मिळाली. पहिल्याच पानावर टोमॅटोचा फोटो. रोज लिहिणार. वीज बोर्डात एकतीस वर्षं लाइनमन म्हणून रोजचा रिपोर्ट लिहिला आहे, सवय आहे.

संकल्प. पहाटे चालणे. चहा दोनच. आणि उज्ज्वला परत यायच्या आत बार्बेक्यू रिब्ज, म्हणजे निखाऱ्यावरच्या बरगड्या, शिकणे.

उज्ज्वला मंचरला लेकीकडे, तेजस्विनीकडे आहे. गुडघ्यांच्या ट्रीटमेंटसाठी चार दिवस म्हणून गेली. दिवाळीनंतर गेली, म्हणजे तसे दोन महिने होत आले. पण गुडघ्याचं काम स्लोच असतं. जाताना मिसळणाचा डबा नेला, कारण लेकीकडचा मसाला तिला पसंत नाही. आधार कार्डही नेलं. ट्रीटमेंटला लागतं.

चहा आज चार झाले. पाहुणे आले असते तर तेवढे झालेच असते.

३ जानेवारी

मोबाइलवरचा तो रिब्जचा व्हिडिओ पुन्हा पाहिला. टोपीवाला गोरा माणूस बरगडीचं हाड दोन बोटांनी धरून ओढतो आणि हाड अलगद सुटून येतं. मटण जागेवर. लो अँड स्लो म्हणतो. मंद आच, पाच तास.

उज्ज्वलाला सगळं येतं. पुरणपोळी म्हणू नका, मासवडी म्हणू नका. फक्त मटण मऊ करता येत नाही आणि मिठाचा अंदाज नाही. एवढे दोनच दोष. मी ते वेळोवेळी सांगत आलो, सुधारणेसाठी. एका यात्रेला पावण्यांच्या पंगतीत मटण वातड निघालं तेव्हा मी ताट जरा बाजूला सरकवलं होतं. तिनं ते मनाला लावून घेतलं. अकरा वर्षं झाली त्याला.

प्लॅन असा. मीच करणार. तिला बसवून वाढणार. रागवायचं नाही, फक्त दाखवायचं. माझ्या हातचं खाल्लं की राहीलच ती.

५ जानेवारी, रविवार

जुन्नरच्या बाजारात वलीकडे गेलो. तीस वर्षं त्याच्याकडूनच मटण घेतो. म्हटलं, दीड किलो चाप दे, बरगड्या सलग दे, तोडू नको. वली म्हणाला, "तुमी तर नेहमी पाऊणच किलो नेता." म्हटलं, दोघांना खायचंय. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि वजन केलं. धंद्यावर माणसानं प्रश्न कमी विचारावेत.

शेगडी स्वतः बनवली. अर्धा कापलेला ड्रम, वर जुन्या कूलरची जाळी. इंजिनीअरला जमणार नाही असं काम. फक्त ड्रम ऑइलचा होता, ते आच लागल्यावर लक्षात आलं.

पाच तास म्हटले होते, दीड तासातच बाहेरून काळे झाले. तेव्हा झालेच असणार. शेजारच्या गेणभाऊला बोलावलं. त्यानं एक घास बराच वेळ चावला, मग तोंडातून काढून कुत्र्याला टाकला. कुत्र्यानं तो नेऊन मातीत पुरला. म्हणजे आवडला असणार, उद्यासाठी ठेवला.

नाचता येईना अंगण वाकडं असं गेणभाऊ जाता जाता म्हणाला. त्यानं आयुष्यात चहासुद्धा केलेला नाही.

७ जानेवारी

तेजस्विनीला फोन. १९ तारखेला आईला घेऊन जेवायला या, असं आमंत्रण दिलं. मेन्यू सरप्राइज ठेवला. आईला फोन दे म्हटलं तर म्हणाली, आईचे हात पिठात आहेत. हे चौथ्यांदा. लेकीकडे फार काम पडतं तिला. इथं आली की आराम मिळेल.

१२ जानेवारी, रविवार

नवी पद्धत. कच्ची पपई वाटून मटणाला चोळायची, त्यानं मऊ पडतं. अर्धा तास पुरे असं लिहिलं होतं. मी शुक्रवारीच फ्रीजमध्ये ठेवलं. अर्ध्या तासात एवढं तर दोन दिवसांत किती, असा हिशेब होता.

दुपारी एकलाच शेगडी पेटवली, कारण दिवस मावळला की बाहेर मटण ठेवायची सोय नाही. उसात बिबट्या आहे. पण सहापर्यंत थांबावं लागलंच नाही. जाळीवर ठेवल्याबरोबर मटण खाली निखाऱ्यात गळून पडलं. हाडं तेवढी वर राहिली. गेणभाऊ म्हणाला, "बरगड्यांचं पिठलं केलंस की राव."

मऊपणाचा प्रश्न मात्र सुटला. आता फक्त कंट्रोल.

मग त्यानं विचारलं, "हे समदं वहिनीसाठी चाललंय व्हय?" म्हटलं, मग कुणासाठी. कुंपण ओलांडताना तो म्हणाला, "आधी इचार तरी तिला." काय विचारायचं त्यात. सरप्राइज विचारून देतात का. माणसाला दुसऱ्याचा संसार बघवत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

गेणभाऊ कांदा घेऊन मंचरला गेला होता. त्याच्याबरोबर उज्ज्वलानं तिळगुळाचा डबा पाठवला. स्टीलचा, झाकणावर तिचं नाव कोरलेला. चिठ्ठी नाही. चिठ्ठीची गरजच नाही, तिळगूळ म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं.

सात लाडू होते. सगळे आजच खाल्ले.

कुणाचा डबा रिकामा परत करायचा नसतो, हे तिनंच मला शिकवलं. निदान चार साखरेचे दाणे टाकायचे. मी यातून काय पाठवणार आहे ते तिला स्वप्नातही सुचणार नाही.

१७ जानेवारी

चालायला गेलो नाही. थंडी आहे.

त्या यात्रेचं वर नीट लिहिलेलं नाही. डायरीत खोटं नको. ताट सरकवलं नव्हतं, ढकललं होतं. रस्सा तिच्या साडीवर सांडला. साडी काही नवी नव्हती.

१९ जानेवारी, रविवार, सकाळ

वलीकडे आठलाच हजर. म्हणाला, "आज कवळं बकरं हाय, तासाभरात मऊ व्हईल. त्या यात्रेच्या सालासारखं न्हाई व्हायचं." म्हटलं, त्या साली काय झालं होतं. म्हणाला, "तुमी शेवटाला आला व्हता. जुनं बोकड तेवढं राहिलं व्हतं. मी म्हटलं, दोन-अडीच तास लागतील, घरी तेवढं सांगा. सांगितलं व्हतं ना?"

मला आठवत नाही. त्या दिवशी गर्दी फार होती. लाउडस्पीकर चालू होते.

सांगितलं नव्हतं.

दुपार, ३

झाले. वलीनं सांगितलं तसं आधी झाकून मंद शिजवले, मग निखाऱ्यावर धरले. पाच वेळा चाखून मीठ बघितलं. हाड ओढलं, सुटून आलं. व्हिडिओतल्यासारखं, अगदी तसंच.

दोन ताटं मांडली होती, लेक-जावयाची धरून चार. तेजस्विनीचा फोन आला. आईचे गुडघे दुखतायत, येत नाही. हरकत नाही. डबा परत करायचाच आहे, उद्या मीच जातो.

२० जानेवारी

आळेफाट्याहून एसटी. डबा मांडीवर. कंडक्टर म्हणाला, भारी वास सुटलाय. जीव सुखावला.

उज्ज्वला आतून चालत आली. गुडघे चांगले दिसले. "आलात?" म्हणाली, पाणी दिलं. मी डबा उघडून एक हाड ओढून दाखवलं. तेजस्विनीला म्हटलं, आधी आईला वाढ. ती पळी हातात घेऊन नुसती उभी राहिली. म्हणाली, "आप्पा, आई मटण खात नाही."

म्हटलं, कधीपासून.

"अकरा वर्षं झाली. यात्रेपासून."

असं कसं, दर रविवारी आपल्याकडे मटण असतं, असं मी म्हणायला गेलो. मग आठवून बघितलं, हिला मटण खाताना मी कधी पाहिलं. मी जेवून उठायचो, लवंडायचो. ती मागून जेवायची. काय जेवायची ते मी पाहिलेलंच नाही.

मीठ कोण बघायचं मग, असं विचारलं. तेजस्विनी म्हणाली, लग्न होईपर्यंत मी, नंतर कोंडाबाई काकू. म्हणजे गेणभाऊची बायको. आई वाटीत रस्सा घेऊन कुंपणापाशी जायची आणि काकू चाखून सांगायच्या. ती वाटी मी कितीदा पाहिली. मला वाटायचं, विरजण मागायला जाते. घरचं विरजण सांभाळता येत नाही का, असं एकदा बोललोही होतो.

गेणभाऊला माहीत होतं. वलीलाही. अख्ख्या जुन्नर तालुक्यात मीच तेवढा राहिलो होतो.

उज्ज्वलानं बरगडी चमच्यानं दाबून बघितली. म्हणाली, "मऊ झालंय. मीठ बघितलंत?" म्हटलं, पाच वेळा चाखलं. "चाखलं की जमतं," म्हणाली. रागात नाही म्हणाली. रागात म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, यात्रेला मी ताट भिरकावलं होतं. आणि बोकड जुनं आहे हे वलीनं मला सांगितलं होतं. पहिलं तिला माहीतच होतं, ती समोरच उभी होती. दुसरं माहीत नव्हतं. ती उठून भाकरी थापायला गेली.

मटण जावयानं खाल्लं. छान म्हणाला.

निघताना विचारलं, केव्हा येतेस. म्हणाली, "मी इथं बरी आहे." तिनं डबा घासला, पुन्हा एकदा घासला, पुसून माझ्या हातात दिला. यात मटण आलं, आता माझं काही ठेवता यायचं नाही, तुम्हीच वापरा, म्हणाली. एसटीत बसल्यावर झाकण उघडून बघितलं. काही नव्हतं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाला जाऊन आलो. बाजारात गेलो नाही.

वांग्याची भाजी केली. शेवटपर्यंत चाखायची नाही असं ठरवलं होतं, कसं जमतं ते बघायला. मीठ अंदाजानं घातलं. मग वाटलं कमी पडलं असेल, म्हणून आणखी घातलं. वाटीत रस्सा घेऊन कुंपणापर्यंत गेलो. कोंडाबाई पलीकडे कपडे वाळत घालत होत्या. हाक मारायची लाज वाटली. परत आलो.

ताट वाढून घेतलं. भाजी खारट झाली होती. सगळी खाल्ली.