बूट हातात घ्या

३ मार्च, सोमवार

आमदारकीचा अर्ज भरला. चिन्ह मिळालं शिडी! जावई खूश. "पाळकाला वर जायला शिडीच हवी की हो." ही भांडी पुसत होती, मागे वळूनही न बघता म्हणाली, "खाली पडायलाही तीच लागते."

चर्चमधून निवृत्त झालेल्या पाळकाने आता कुंड्यांना पाणी घालावं आणि नातवंडांना गोष्टी सांगाव्यात, असं सगळ्या गावाचं मत. माझंही होतं. पण सरकारने ठरवलंय — दवाखाना यापुढे संध्याकाळी बंद. रात्री डॉक्टर नाही, सिस्टर नाही, गाडी नाही. पुढचा दवाखाना डोंगरापलीकडे. हा कागद वाचला आणि रक्त तापलं. आयुष्यभर उपदेश केला, त्यातला अर्धा मेलेल्यांच्या उशाशी उभा राहून. जिवंतांसाठी एकदा तरी गळा काढतो!

आमदार आजच भाषणात म्हणाला म्हणे — "पाळकांनी स्वर्गाचं बघावं, रस्त्यांचं आम्ही बघतो." उद्या सांगणार आहे, बाबा रे, तुझ्याच रस्त्यांनी लोक स्वर्गात चाललेत.

५ मार्च, बुधवार

कचेरी थाटली. पूर्वी सायकलदुरुस्तीचं दुकान होतं, भिंतींना अजून ग्रीसचे पंजे आहेत. जावयाने त्यावरच माझी पोस्टरं चिकटवली. एका पोस्टरात माझ्या कपाळावर काळा अंगठा उमटलाय. असू दे.

प्रत्येक सभेची सुरुवात सिस्टर करते. दवाखान्यातली रात्रपाळीची परिचारिका, सुताराची एकुलती एक मुलगी. ही लढाई खरं तर तिची. सह्या तिने गोळा केल्या, मला घरातून ओढून तिने काढलं. माईकसमोर उभी राहते आणि एकच गोष्ट सांगते. "मी नऊ वर्षांची होते, गावात दवाखाना नव्हता. आईच्या छातीत दुखायला लागलं. बाबांनी गाडीला फोन केला. गाडी आली नाही." बस्स. खाली बसते. मी अर्धा तास घसा फोडून जे मिळवू शकत नाही ते ती चार वाक्यांत मिळवते.

सुतार मागच्या रांगेत बसतो. टोपी गुडघ्यावर. तिच्याकडे बघत नाही.

कारण कसली गाडी आणि कसला फोन! हे गावात फक्त त्याला आणि मला माहीत आहे. बायकोला पुरून महिना झाला होता, प्रार्थनागृहाच्या खिडकीची चौकट बसवत होता, हातात पटाशी, आणि त्याने मला सांगितलं. मी ऐकलं, त्याच्यासाठी प्रार्थना केली, विषय तिथेच पुरला. मुलगी काय समजून चाललीय तेच तिला समजू दे, त्यातच दोघांचं घर टिकेल — असं तेव्हा वाटलं. अजूनही वाटतं.

७ मार्च, शुक्रवार

घसा बसला. मिठाच्या गुळण्या. ही म्हणते, "तुमचा 'आता शेवटचा मुद्दा' ऐकला की मी भात चढवते. बरोबर शिजून होतो."

९ मार्च, रविवार

आज जिंकलो! निवडणूक नव्हे, सभा. पण काय सभा!

मोठं सभागृह. निम्मे आमदाराचेच लोक, मजा बघायला आलेले. मी इतिहास काढला, कायदा काढला, आकडे काढले. जांभया! एक जण ओरडला, "आमेन म्हणा आणि सोडा!" हशा, शिट्या. हा जमाव हातातून निसटतोय हे बोलणाऱ्याला तळपायात कळतं.

आणि मग गोष्ट आपोआप तोंडात आली.

एक ट्रकवाला होता, म्हटलं. दिवसभर ओझी उचलून आलेला. उन्हाळ्यात एका मध्यरात्री बायको उठून बसली, छातीवर हात. जाऊया म्हणाली. हा उठला, बूट घालायला लागला. ती म्हणाली — बूट हातात घ्या, पोरगी उठेल. याने बूट हातात घेतले. खाटेच्या कडेला बसला. दवाखाना लांब, अंगात जीव नाही. म्हणाला, जरा थांबू, उतरेल. आणि बूट मांडीवर घेऊन त्याला झोप लागली. उजाडलं तेव्हा बूट मांडीवरच होते. ती नव्हती. मित्रांनो, त्या माणसाला खुनी म्हणाल? तो दमला होता! दवाखाना कोपऱ्यावर असता तर ती अनवाणी चालत गेली असती!

शिट्या मारणारे गप्प. आमदाराचा एक कार्यकर्ता डोळे पुसत होता — मी स्वतः पाहिलं. मग टाळ्या, टाळ्या, टाळ्या.

जावई मिठी मारून म्हणाला, "मामा, हे रोज सांगायचं."

एक मात्र. गोष्ट अर्ध्यावर असताना सिस्टर उठली आणि सरळ बाहेर पडली. ड्यूटी असेल.

१० मार्च, सोमवार

ड्यूटी नव्हती.

सकाळी दाढी करताना एकदम डोक्यात लख्ख झालं आणि हात थांबला. काय करून बसलो मी!

आमच्या धंद्याची रीत आहे. लोक पाळकाला जे सांगतात त्यातूनच उपदेशाचे दाखले होतात. सगळेच करतात, कुणी नाही म्हटलं तरी. पण नियम असतो — माणसाचा धंदा बदला, ऋतू बदला, आणि मुख्य म्हणजे एका गावची गोष्ट बदली झाल्यावर दुसऱ्या गावात सांगा. बदल्या होत राहतात, म्हणून कुणाची गोष्ट कुणाला लागत नाही. मी सुताराचा ट्रकवाला केला. थंडीचा उन्हाळा केला. पण बदली कुठे झाली होती? मतदारसंघातही हेच गाव! आणि बूट तसेच ठेवले. ते वाक्य बदलायला जीभ वळली नाही. इतकं चांगलं वाक्य!

पोरगी उठेल. ती उठली असणार. ते वाक्य तिने तेव्हा अंथरुणातून ऐकलं असणार, अर्थ न कळता. काल तो कळला.

जावई फोन नाचवत आला. गावभर भाषण फिरतंय. "मामा, आमदाराच्या पायाखालची वाळू सरकली!" त्याला बाहेर हो म्हणालो.

११ मार्च, मंगळवार

सुताराकडे गेलो. हे माझं मलाच निस्तरायचं होतं, आडून आडून नाही, तोंडावर सांगायचं. आयुष्यभर लोकांना हेच शिकवलं — सत्य सांगा, मोकळे व्हा.

दाराच्या फळीला रंधा मारत होता. "या पाळकसाहेब. त्या बाकावर नको, सरस ओला आहे."

म्हटलं, रविवारचं भाषण ऐकलंत? "नाही हो. खोकल्याने बेजार होतो. काय, चांगलं झालं ना?"

सांगितलं. सगळं. बूट, ट्रकवाला, ती उठून गेली ते. त्याच्या हातातला रंधा फळीच्या मध्यावर थांबला.

"म्हणजे तिला कळलं."

"कळलं. माझ्यामुळे. मला क्षमा करा."

त्याने पात्यात अडकलेली ढलपी नखाने काढली, फुंकर मारली. "ती तशी काही बोलली नाही मला. दोन्ही दिवस जेवायला वाढलं. आज तर लोणी जास्त घातलं."

"मनाला लावून घेतलं असेल. वेळ द्या तिला."

"हो. तुम्ही येऊन सांगितलंत, बरं केलंत," म्हणाला. आवाज अगदी सपाट. दारापर्यंत सोडायला आला.

परत येताना छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. त्याने क्षमा केली असं वाटतंय.

१२ मार्च, बुधवार

सिस्टर सभेला आली नाही. तिची चार वाक्यं मी बोलून बघितली. माझ्या तोंडी ती लाकडासारखी वाजली.

१४ मार्च, शुक्रवार

सुतार गेला. कपड्यांची पिशवी घेऊन सकाळच्या बसने निघून गेला. कारखान्याला कुलूप, फळी अर्धवट, सरसाचं भांडं तसंच उघडं — शेजाऱ्याने सांगितलं.

दवाखान्यात गेलो. सिस्टर औषधांची ट्रॉली ढकलत येत होती. मी "बाई गं, ऐक—" म्हणतोय तोवर ती म्हणाली, "पेशंट आहे," आणि माझ्या अंगाला वळसा घालून गेली. ट्रॉलीचं एक चाक करकरत होतं. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ऐकू आलं.

हिला सगळं सांगितलं. वाटलं, धीर देईल. हिने उलट विचारलं, "सुताराकडे जायच्या आधी पोरीला का नाही विचारलंत?"

काय विचारायचं होतं! चेहराच सांगत होता तिचा.

"तुम्ही चेहरा कुठे बघितलात? पाठ बघितलीत," ही म्हणाली आणि उठून गेली.

१८ मार्च, मंगळवार

शेवटची मोठी सभा. मैदान भरलं. बोलायला उभा राहिलो तर लोकच ओरडायला लागले, "बुटांची गोष्ट! बुटांची गोष्ट!" जावई खालून हात जोडतोय. सगळ्यांच्या अंदाजात आमदार पुढे आहे, थोडाच, पण पुढे आहे. गोष्ट जिभेवर तयार होती, पहिल्या शब्दासकट.

नाही सांगितली. म्हटलं, ती गोष्ट माझी नव्हती, मी चोरली. दवाखान्याबद्दल साधं बोललो, कागद वाचून दाखवला, बसलो. टाळ्या थंड. मागून कुणीतरी, "म्हातारा दमला!"

दमलो खरा. पण आज पहिल्यांदा एक चांगलं वाक्य गिळलं. हरलो तर हरलो. निदान एवढं तरी नीट केलं.

जावई बोलत नाही.

२३ मार्च, रविवार

मतदान. प्रार्थनागृहाच्या शाळेतच केंद्र. बाकं सुताराने केलेली. रांगेत सिस्टर होती. लोक तिला पुढे जा म्हणत होते, रात्रपाळी करून आलीय म्हणून. ती गेली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

सुतार आला नाही.

२५ मार्च, मंगळवार

निवडून आलो. थोडक्यात! गुलाल नको म्हटलं तरी पोरांनी शिडी खांद्यावर घेऊन मिरवली, खरीखुरी, रंगाऱ्याची. रात्रीचा दवाखाना बंद करायचा निर्णय सरकारने तूर्त थांबवलाय, असं रेडिओवर. मला आनंद व्हायला हवा. ही म्हणाली, जेवून घ्या.

२६ मार्च, बुधवार

सकाळी दारात सिस्टर. ड्यूटीच्याच कपड्यांत. आत ये म्हटलं, आली नाही.

"बाबा आत्याकडे आहेत. फोनवर येत नाहीत. आत्या सांगते, म्हणतात — पोरीच्या हातचं इतकी वर्षं जेवलो, आता तिच्या तोंडाकडे कसं बघू."

मी म्हटलं, तुला असं कळायला नको होतं.

"मला काय कळायचं होतं? मी जागी होते. तेव्हाच. उजाडेपर्यंत दाराच्या फटीतून बघत होते. आई हलत नव्हती, आणि बाबांना उठवायची भीती वाटत होती. सकाळी ते म्हणाले, गाडी आली नाही. मी म्हटलं, हो बाबा. तेव्हापासून म्हणतेच आहे. गावासमोरही म्हणत होते, त्यांना ऐकू यावं म्हणून. मला माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं, त्यावर आमचं घर उभं होतं."

सभेतून ती उठली ती घरी धावली. बाबांनी भाषण ऐकलं नव्हतं. त्यांचा फोन बिघडलाय म्हणून काढून घेतला. भाषणाचा विषय काढू नका, असं शेजाऱ्यांना सांगून ठेवलं. तिला वाटलं, वाचलो आम्ही.

"आणि दोन दिवसांनी तुम्ही गेलात. सांगायला."

मी तोंड उघडलं. तिने हात वर केला.

"दवाखाना उघडा ठेवा. त्यासाठी तिकडे सभागृहात हवं तेवढं बोला. आमच्या दारात नको."