सेहेचाळिसाव्या मिनिटाचा खुलासा

५ मार्च, रविवार

कुलूप चुकीच्या गोलमध्ये जाऊन उभा राहिला!

मध्यंतर संपलं, संघ मैदानात उतरले, बाजू बदललेल्या. आणि आमचा कप्तान – गोलरक्षक, ज्याच्या हातून चेंडू सुटत नाही म्हणून अख्खं शहर ज्याला कुलूप म्हणतं तो – सरळ चालत गेला तो मघाच्याच गोलकडे. खांबाला हात लावला, हातमोजे घट्ट केले, तयार. समोरच्या संघाचा गोलरक्षक आला, थांबला, मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलला. तेव्हा कुठे हा वळला. सगळं स्टेडियम हसलं. गंमत केली म्हणे! अर्धा क्षण मीही हसले. मग वहीचं पान मागे उलटलं.

३१ – कुलूपच्या कानशिलावर समोरच्याचा गुडघा. चाळीस सेकंद पडून. डॉक्टर आत. पाणी. उठला.

त्याच्याखाली लिहिलं: ४६ – उलट्या गोलकडे.

एकोणीस वर्षं झाली, प्रत्येक सामना असा मिनिटामिनिटाने लिहून काढते. बाकीचे वार्ताहर हसतात. लॅपटॉप असताना वही कशाला? असू दे.

जिंकलो. एक शून्य. दोन आठवड्यांनी अंतिम सामना. घरी आले तर बाबा टीव्हीसमोर खुशीत. म्हणाले, काय फिरकी घेतली त्याने, वा! ह्याच माणसाने मला खांद्यावर बसवून पहिला सामना दाखवला. मी जेवायला वाढून घेतलं.

६ मार्च, सोमवार

सकाळी संघाच्या मालीशवाल्या काकांचा फोन. बावीस वर्षं खेळाडूंचे पाय रगडतायत, मला आजवर नुसती मान हलवून दाखवलीय. मागे गाड्यांचा आवाज. रस्त्यावरून बोलत होते.

मध्यंतरात कुलूपने तीनदा विचारलं – आज कोणाशी खेळतोय आपण? नंतर उलटी. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाले, जा. काका सावकाश, जपून बोलत होते, पाठ केल्यासारखे. शेवटी म्हणाले, "ताई, अजून एक तडाखा बसला तर काही खरं नाही. माझं नाव मात्र नको."

संघाच्या डॉक्टरांना फोन केला. किरकोळ आहे म्हणाले. चुकीच्या गोलचं विचारलं तर मला माझं शिक्षण विचारलं!

आमच्या क्रीडा विभागात एक नियम आहे, जुन्या संपादकांनी पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला ठोकलेला – दोघांनी सांगितलं का? आताच्या साहेबांनी त्या पुठ्ठ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, एक आतला माणूस आणि दुसरी मी. मी डोळ्यांनी पाहिलंय, वहीत मिनिट आहे. साहेबांनी कान खाजवला. वही मागून घेतली, पान दोनदा वाचलं. मग म्हणाले, लाव.

७ मार्च, मंगळवार

बातमी आली. पहिल्या पानावर, वरच्या अर्ध्यात. "कप्तानाला डोक्याचा मार, तरीही एकोणसाठ मिनिटं मैदानात."

दुपारपर्यंत माझा नंबर कोणीतरी सगळीकडे टाकलेला. फोन उघडायची सोय नाही. बहुतेकांना मी समोरच्या संघाला फितूर झालेली वाटते. काहींना माझं लग्न झालेलं नाही ह्यातच सगळं कारण सापडलंय. बाकीचं इथे लिहिणार नाही, ही वही तरी स्वच्छ राहू दे.

८ मार्च, बुधवार

पत्रकार परिषद. कुलूप आला, बसला. माझ्याकडे बघून उजवा हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, किती बोटं? तुमची तब्येत बरी आहे ना?" खो खो हसले सगळे. माझे व्यवसायबंधूसुद्धा. काल ह्यांच्यातल्याच दोघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आम्हालाही शंका आली होती, पण कोण अंगावर घेणार!

मी विचारलं, रविवारी तुम्ही कोणत्या गोलकडे गेला होतात? तो हसतच होता. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.  माजलाय, असं तेव्हा मनात आलं. प्रशिक्षकांनी माईक ओढून घेतला.

पण संध्याकाळी चांगली बातमी. फुटबॉल महासंघाने बाहेरच्या डॉक्टरांकडून तपासणी सांगितली. सोमवारी, तेरा तारखेला. मेंदूचे डॉक्टर, संघाशी संबंध नसलेले. ते नको म्हणाले तर तो अंतिम सामना खेळणार नाही. बस्स. मला एवढंच हवं होतं. शिव्या घालू देत हवं तेवढ्या.

९ मार्च, गुरुवार

पेपरवाल्याने आमच्या दारात आमचाच पेपर टाकायचं बंद केलं.

१० मार्च, शुक्रवार

 नीट लिहायचा प्रयत्न करते.

बाबांचं डायलिसिस मंगळवार-शुक्रवार, सकाळी दहा. सव्वानऊला टॅक्सी बोलावली, त्यांचा हात धरून खाली आणलं, तर फाटकाला कुलपं. एक नाही, अकरा. वरपासून खालपर्यंत, दोन्ही दारांचे गज एकेका कुलपात अडकवलेले. प्रत्येकावर खडूने लिहिलेलं – कुलूप उघडून दाखव. पलीकडे तीन-चारजण मोबाइलवर चित्रण करत उभे. वीस-बावीस वर्षांची पोरं, एकाच्या पाठीवर लॅपटॉपची बॅग. म्हणजे इथून पुढे ऑफिसला जाणार!

फाटक उंच, वर टोकं. मी एकटी चढलेही असते, बाबांना कसं नेणार? टॅक्सीवाला पाच मिनिटं थांबला आणि गेला. पोलिसांनी पत्ता घेतला आणि कुलूपवाल्याचा नंबर दिला. कुलूपवाला साडेअकराला आला. पत्ता ऐकून आधी नाहीच म्हणाला होता. फाटकापलीकडे बाबांना खुर्चीत बसलेलं पाहिलं आणि गुपचूप करवत काढली. अकरा कुलपं कापायला पाऊण तास. जाताना मला म्हणाला की तुमच्यासाठी नाही केलं, म्हाताऱ्या माणसासाठी केलं.

दवाखान्यात पोचेपर्यंत एक वाजला. नंबर गेलेला. मशीन चारला मिळालं. तोवर बाबांचे पाय सुजून जोडे निघेनात, धाप लागलेली. परिचारिका माझ्यावर ओरडली, एवढा उशीर कसा करता म्हणून. काय सांगू तिला?

बाबा त्या सगळ्या वेळात एकदाच म्हणाले, पोरांना आपल्या संघाचं वेड आहे, चांगलंय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

११ मार्च, शनिवार

साहेबांनी घरी फोन केला. आवाज नको तितका मऊ. क्लबने नोटीस पाठवलीय. डॉक्टरांचं लेखी पत्र आहे, कप्तान ठणठणीत. आपल्याकडे काय आहे? मी म्हटलं, वही. ते म्हणाले, वही तुझीच, डोळे तुझेच, म्हणजे माणूस एकच. दोघांनी सांगितलं का? सोमवारी हेच दोन म्हणून चाललं होतं! तेव्हा कान खाजवत होते, आता काखा वर.

दुसरा माणूस आणायचा तर एकच जागा. काकांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने दार अर्धंच उघडलं, ओळखलं, तोंड फिरवून आत गेली. काका हात पुसत बाहेर आले. ती मोठी, तेलाने कायमची मऊ झालेली बोटं. मी म्हटलं, नावानिशी नको, साहेबांसमोर येऊन नुसतं हो म्हणा. ते मान खाली घालून बसले. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. मग म्हणाले, "मी नाही येऊ शकत. पण तुम्ही माघार घेऊ नका. सोमवारपर्यंत दोन दिवस दम धरा, ताई."

म्हणजे दम मी धरायचा! माझ्या फाटकाला कुलपं, माझ्या बापाचे पाय सुजणार, आणि हे घरात हात पुसत बसणार. असं म्हणालेही मी त्यांना. त्यांनी तोंड उघडलं, काहीतरी ओठांवर आलं, आणि परत मिटलं. मी थांबले नाही.

१२ मार्च, रविवार

सही केली.

साहेबांनी मजकूर तयारच ठेवला होता. "सदर वृत्त अपुऱ्या माहितीवर आधारित होते. सेहेचाळिसाव्या मिनिटाचा प्रसंग हा कप्तानांचा विनोद होता, असा खुलासा क्लबने केला असून वार्ताहर दिलगीर आहे." 'वार्ताहर' हा शब्द मी त्यात नको म्हटला. राहिलाच.

रात्रीपर्यंत विचार करते म्हणाले असते तर साहेब थांबले असते. बहुतेक. पण मंगळवारी पुन्हा डायलिसिस आहे. फाटकाकडे बघायचीच भीती बसलीय. सकाळपासून चारदा खाली जाऊन कडी हलवून आले. मी भ्याले, हे सरळ लिहिते. बाबांसाठी केलं, हेही खरं. कोणतं किती, ते मला सांगता येत नाही.

जेवताना बाबांना सांगितलं. घास तसाच हातात. म्हणाले, "तू पाहिलं होतंस की नव्हतंस?" पाहिलं होतं, म्हटलं. "मग हे माझ्या नावावर खपवू नकोस." उठले, भिंत धरत धरत खोलीत गेले.

१३ मार्च, सोमवार

खुलासा छापून आला. आतल्या पानात, तळाशी, तरी सगळ्यांना बरोबर दिसला. अकरा वाजता महासंघाचं पत्रक – मूळ वृत्तच मागे घेण्यात आल्याने आजची तपासणी रद्द.

ह्याचा विचार मी केला नव्हता. खोटं! केला होता. सही करताना तेरा तारीख डोळ्यांसमोर होती.

१४ मार्च, मंगळवार

फाटक मोकळं. डायलिसिस वेळेवर. फोनही शांत, फक्त एक निरोप – शहाणी झालीस, ताई. पुढे फुलाचं चित्र.

१६ मार्च, गुरुवार

सरावाला गेले होते. जाळीबाहेरून कुलूपला पाहिलं. उंच चेंडू आला की तो आधी डोळे मिटतो, मग उडी मारतो. पूर्वी असं करायचा नाही. वहीत लिहिलं. कोणाला दाखवणार? साहेब म्हणाले, आठवडाभर रंगीत पुरवणी बघ, मैदानावर जाऊ नकोस. बाबा आमचा पेपर उघडतच नाहीत, शेजारच्यांचा मागून आणतात.

१९ मार्च, रविवार

अंतिम सामना. घरी, टीव्हीवर. बाबा आणि मी, दोन खुर्च्या, मध्ये टेबल. एकोणीस वर्षांत अंतिम सामना घरून पाहायची पहिली वेळ. वही घेतली होती, सवय.

६४ – कोपऱ्यावरून चेंडू. कुलूप पुढे झेपावला. त्यांच्या बचावपटूचं डोकं, ह्याचं कानशील. तीच बाजू.

६५ – उठला नाही.

६७ – उठला नाही.

६८ – स्ट्रेचर. एक हात खाली लोंबकळत. हातमोजा कोणीतरी उचलून त्याच्या पोटावर ठेवला.

त्यापुढे मी काही लिहिलेलं नाही. संघ जिंकला म्हणे. बाबांनी टीव्ही बंद केला. माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि ते बरंच झालं.

२० मार्च, सोमवार

मेंदूत रक्तस्राव. पहाटे शस्त्रक्रिया. शुद्ध नाही.

साहेबांनी बोलावलं. ती पाच तारखेची वही आहे ना, म्हणाले. उद्या पहिल्या पानावर लावू – आम्ही आधीच सांगितलं होतं!  माणसाला लाज वाटायला किती लागते? वही दिली नाही. पण मला तरी कुठे वाटली होती, सही करताना?

मागे ज्यांनी शिव्या घातल्या त्यांचे आज पुन्हा निरोप. आता विचारतायत, माहीत होतं तर गप्प का बसलीस?

२२ मार्च, बुधवार

अजून शुद्ध नाही. दवाखान्याबाहेर पोरं उभी आहेत, गळ्यात संघाचे रुमाल. मी गेले, रस्त्याच्या पलीकडून परत आले. त्यांच्यात तो लॅपटॉपच्या बॅगेवालाही होता. रडत होता.

२३ मार्च, गुरुवार

कुलूप गेला. सकाळी सात वीसला.

दुपारी मालीशवाले काका आले. दारातच उभे, आत या म्हटलं तरी येईनात. सहा तारखेचा फोन मी माझ्या मनाने नव्हता केला, म्हणाले. कुलूपनेच करायला लावला, शेजारी उभा होता, शब्द न् शब्द त्याचा. मग काकांनी बाकीचंही सांगितलं. "तो म्हणाला, मी आपणहून बसलो तर लोक भित्रा म्हणतील. पेपरात आलं तर मला बसवतील. त्या वहीवाल्या बाईंनाच सांग, काका. त्या माघार घेत नाहीत."