जुलाबातली बीपीची गोळी

दीपमाला पोरी,

शेखर उठला की त्याले सांगजो, मी पहिल्या जीपनं अमरावतीले दवाखान्यात तुझ्या सासूकडं चाललो. त्याच्या तोंडावर सांगायची हिंमत नाही माझ्यात.

डॉक्टर म्हणे, किडनी रक्ताच्या जोरावर गाळते. आपल्या ठिबकासारखंच, प्रेशर कमी झालं की गाळणं बंद. जुलाबानं तुझी सासू पार सुकली होती, तरी बीपीची गोळी मी रोज दिली; त्यानं प्रेशर अजून उतरलं अन् किडनी बंद पडली. ती तोंड फिरवे, मंग मी वाघाले डबलसीट बसवून पातूरले नेल्याची गोष्ट सांगो. ती ‘थापा नका मारू’ म्हणून हसली की गोळी तोंडात. अन् डॉक्टरले म्हटलं, गोळ्या बंदच होत्या.

आज डॉक्टरले खरं सांगतो, तिच्यासमोरच. ती डोळे उघडून ‘थापा नका मारू’ म्हणाली, तं मले बाकी काही नको.

— मामाजी