तिसऱ्या मजल्यावरची दुहेरी बाबागाडी

मॉन्ट्रियल,
जानेवारीतला एक गुरुवार

तीर्थस्वरूप रोलांदमावशी,

एका हातात बाळ आणि दुसऱ्यात पेन असल्यामुळे तुझ्या भाचीचा नमस्कार मनातल्या मनात पोचता करून घे. तुझा खोकला कसा आहे? रिमूस्कीला यंदा थंडीने कहर केलाय म्हणे. कोंबड्या अंडी देतायत ना? आम्ही इथे मजेत आहोत. (हे वाक्य लिहून झाल्यावर मी उठून फिलेमोंने बापाच्या बुटात ओतलेलं दूध पुसून आले, तरी ते खोडलेलं नाही, याची नोंद घे.) क्लेमांस तीन आठवड्यांची झाली. ती फक्त दिवसा झोपते. फिलेमों अडीच वर्षांचा आहे आणि तो झोपतच नाही.

पत्रास कारण की, नाताळच्या कार्डात तू विचारलं होतंस, दोन पोरांसाठी बाबागाडी कुठली घेतली? (त्याच कार्डात 'मी येऊ का' असंही विचारलं होतंस आणि मी फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की काही गरज नाही, बास्तियाँने सगळ्याचा तक्ता केलाय. तक्ता अजून फ्रिजवर आहे. त्यावर आता भोपळ्याची भाजी आहे.) तू तीस वर्षं शाळेची बस चालवलीस, वाहनातलं तुला कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रश्न सोमवारचा आहे. येत्या नाही, त्याच्या पुढच्या. त्या दिवशी बास्तियाँची सुट्टी संपते आणि तो पहाटे छापखान्यात जायला लागतो. म्हणजे तेव्हापासून फिलेमोंला पाळणाघरात पोचवायचं काम माझं, क्लेमांसला घेऊन, एकटीने. पोटावरचे टाके अजून ओढतात. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय की बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. म्हणजे फिलेमों आपोआप बाद झाला. बरं, त्याला घरीच ठेवावं, तर आम्हा तिघांपैकी एकजण संध्याकाळपर्यंत टिकणार नाही, आणि ती मी असेन.

तर पहिली गाडी शेजारी-शेजारी बसायची. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर ती इतकी सुरेख वळली की बास्तियाँचे डोळे पाणावले. (मुलगी झाली तेव्हा एवढे पाणावले नव्हते, पण ते असो.) घरी आणल्यावर कळलं की फिलेमोंला दोन्ही जागा हव्या असतात. तरी तिला घेऊन आम्ही चौघं औषधाच्या दुकानात गेलो, आणि दारात ती अशी फसली की ना आत ना बाहेर. माझ्यामागे सात माणसं बर्फात उभी. त्यांतल्या एका आजीबाईंनी मला ढकलायला मदत करता करता सांगितलं, की बाळाची टोपी कानांवर नीट नाही. दुसऱ्या बाईंनी सांगितलं की टोपी फार घट्ट आहे. शेवटी औषधवाल्यानेच बाहेर येऊन माझी खोकल्याची बाटली फुटपाथवर आणून दिली.

मग दुसरी गाडी, एकामागे एक बसायची. ही दारातून जाते. फुटपाथ साफ करणारं ते छोटं यंत्र बर्फात जेवढी वाट पाडतं, त्या वाटेतूनही जाते. फक्त वळत नाही. कोपऱ्यावर बर्फाचा ढीग लागला की पुढची चाकं त्यात घुसतात आणि गाडी नमस्कार घातल्यासारखी पुढे झुकते. शिवाय मागे बसलेला भाऊ पुढच्या बहिणीच्या पाठीत लाथा घालतो, आणि जागा बदलल्या तर मागे वळून तिचा मोजा ओढून फेकतो. आजवर तीन मोजे गेले. बर्फ वितळल्यावर एप्रिलमध्ये सापडतील, असं बास्तियाँ म्हणतो. (तो आशावादी आहे. तक्ते करणारी माणसं असतातच तशी.)

आता खरी फजिती ऐक. बास्तियाँने टेप घेऊन सगळं मोजलं होतं. पाळणाघराचं दार, औषधवाल्याचं दार, बसमध्ये चढायचा उतार, फुटपाथवरची वाट. जिना मोजला नाही. अगं, आमचा जिना घराबाहेर, लोखंडी, गोल फिरत तिसऱ्या मजल्यावर येणारा, आणि नोव्हेंबरपासून त्यावर बर्फ. सहा वर्षं त्यावरून चढउतार करतोय, त्यामुळे तो आम्हाला दिसेनासाच झाला होता. ही गल्ली अशा जिन्यांनी भरलेली असताना इथल्याच दोन माणसांनी दोन-दोन गाड्या आणाव्यात आणि जिन्याचा विचार करू नये, याला काय म्हणावं? तळमजल्यावरचे घरमालक जांद्रोंसाहेब आपल्या दाराशी गाडी ठेवू देत नाहीत. ("बाईसाहेब, तुम्हाला गाडी नको, क्रेन घ्या," हे त्यांचे उद्गार.) म्हणून ती जिन्याखाली साखळीने बांधली, तर रात्रीतून यंत्राने तिच्यावर बर्फ उडवला आणि सकाळी फावड्याने उकरून काढावी लागली.

लहानपणी आपण ते कोडं घालायचो ना, नावाडी, वाघ, शेळी आणि गवताचा भारा? आठ दिवस मी तेच सोडवतेय. क्लेमांसला आधी खाली नेऊन गाडीत ठेवावं, तर उणे अठरात ती रस्त्यावर एकटी आणि वर फिलेमों शेगडीपाशी एकटा. फिलेमोंला आधी न्यावं, तर मी पाठ वळवताच तो रस्त्यावर. तू म्हणशील, बाळाला झोळीत बांध आणि त्याला हाताला धर. काल बास्तियाँ बाहेर गेला असताना करून पाहिलं. चौथ्या पायरीवर तो फतकल मारून बसला आणि उठेना. त्याला उचलायची मला मनाई. वीस मिनिटं आम्ही तिघं जिन्यात बसलो होतो. शेजारी एक, छातीशी एक, अशी दोघं रडत होती, मग मीही रडून घेतलं. जांद्रोंसाहेबांनी खिडकीतून पाहिलं. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. नंतर ते स्वतः वर आले, फिलेमोंला काखोटीला मारून घरात पोचवलं आणि गेले. त्यांचं वय एक्क्याऐंशी आहे, त्यांना रोज कसं सांगणार?

बास्तियाँला यातलं काही सांगितलेलं नाही. तो बिचारा आता तिसऱ्या गाडीची माहिती काढतोय, मागे उभं राहायला फळी असलेल्या. काकांना नमस्कार.

तुझी,
जुस्तीन

ता. क. तुझा या दोन गाड्यांपैकी कौल कुणाला, ते कळव. शेजारी-शेजारीची राखाडी आहे, एकामागे एकची हिरवी.

ता. क. २. कळवू नकोस. दोन्ही शनिवारी दुकानात परत चालल्यात. माझं मीच ठरवलंय.

ता. क. ३. मावशी, मला गाडी नकोच आहे गं. त्या जिन्याच्या तळाशी एका पोराला धरून उभं राहणारं माणूस हवंय. तुझ्याकडून रविवारी सकाळी बस सुटते, वेळ मी पाहून ठेवलीय. मी 'नको' म्हटलं होतं, चुकलं माझं. मला त्या सोमवारची फार भीती वाटते. पत्राचं उत्तर लिहीत बसू नकोस, तूच ये.