दोन लगामांचं वर्ष

पोनोका, अल्बर्टा
९ फेब्रुवारी २०२५

ती. वनिताआत्यास,
ऊर्मीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि तिळाच्या वड्या, दोन्ही पोचलं. वड्यांचा वाटेत भुगा झाला होता, तो मी आणि लॉर्नने चमच्याने खाल्ला. तुला फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून का होईना, मराठी लिहायची माझी सवय टिकली.

इथे उणे एकतीस आहे. सकाळी आधी तबेल्याच्या दारासमोरचा बर्फ शोव्हलने उपसायचा, मग पाण्यावरचा बर्फ फोडायचा, मग घोडे. बाबा अजून शहाद्यात सगळ्यांना सांगतात की मुलगी एडमंटनला कम्प्युटरमध्ये आहे. डिप्लोमा कम्प्युटरचाच आहे, तेव्हा ते खोटं बोलतात असंही म्हणता येत नाही. कॉलेजात असताना वीकेंडला लीद काढायला म्हणून मी लॉर्नच्या या तबेल्यात आले आणि इथलीच झाले, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

तू विचारलंस की एका घोडीला शिकवायला चार-चार वर्षं कशी लागतात. हे गाई वळवणारे घोडे, आत्या. रिंगणात एक गाय सोडतात. ती कुंपणाच्या कडेने जीव घेऊन पळते, आणि घोड्याने तिच्या पुढे जाऊन तिला परत फिरवायचं. स्वाराने लगाम उचलायचा फक्त, ओढायचा नाही. त्यासाठी आधी तोंडात साध्या कडीचा लगाम. मग वर्षभर तोंडात काहीच नाही, नाकावर कच्च्या कातड्याची म्होरकी, आपल्याकडे बैलाला असते तशी. मग दोन लगामांचं वर्ष. नाकावर बारीक म्होरकी आणि तोंडात मोठी जड कडी, दोन्हींचे लगाम स्वाराच्या हातात. काम म्होरकीवर चालतं, कडी नुसती तोंडात वागवायला घोडी शिकते. आपल्या हातून चूक झाली तर ओढ नाकावर जाते, तोंड वाचतं. सगळ्यात शेवटी म्होरकी काढतात आणि एका हातात एकच लगाम उरतो. ती कडी इतकी मोठी असते की चांगल्या हातात ती नुसती इशारा देते, आणि वाईट हातात जीभ कापते.

माझी हेझल आता दोन लगामांवर आली. तिच्या म्होरकीचा दोर लॉर्नने तिच्याच आईच्या आयाळीचे केस वळून केलाय. हाताला टोचतो, पण तिच्या मानेला तो लागला की ती वळते, मला काही करावंच लागत नाही. लॉर्नच्या खोलीत एक फळी आहे. तिच्यावर पूर्ण शिकलेल्या घोड्यांची नावं आणि ज्याने शेवटी एका लगामावर आणलं त्याचं नाव, तापलेल्या सळीने कोरलेली. पुढच्या वर्षी तिथे माझं नाव येईल. कामाच्या परमिटचं काय करायचं ते मात्र कळत नाही. तबेल्यातलं काम पी.आर.साठी, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवान्यासाठी, धरत नाहीत.

इकडची काळजी करू नकोस, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ऊर्मी

*

लव्हाल
२ मार्च २०२५

चि. ऊर्मीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

घोडीचं शिक्षण वाचून थक्क झाले. माझा देवेश इतकी वर्षं शिकला नाही, आणि त्याने तर कॉन्डो घेतला. लहानपणी नाना मला आणि तुझ्या बाबांना सारंगखेड्याच्या जत्रेत न्यायचे. तिथले घोडे ढोलावर नाचायचे. तुझी नाचते का? तुझ्या वरातीला उपयोगी पडली तर चार वर्षं सत्कारणी लागली म्हणेन.

आता रागावू नकोस. तुझ्या बाबतीत सगळेच गप्प बसतात, म्हणून मी बोलते. परमिट पुढच्या वर्षी ऑक्टोबरअखेर संपतं. त्याआधी धड नोकरीचं एक वर्ष भरलं पाहिजे, हे तूच मला समजावलं होतंस. देवेशचा मित्र शैलेंद्र सस्काटूनला धान्याच्या कंपनीत मोठ्या जागेवर आहे. त्यांना डेटाच्या कामाला माणूस हवंय. मी देवेशला तुझं नाव सांगायला लावलंय. घोडी कुठे पळून जात नाही, परमिट जातं. अप्लाय कर. नाही म्हणायचं असेल तर नोकरी हातात आल्यावर म्हण.

गुडघा बरा आहे. कोपऱ्यावरच्या डेपानरमधला, म्हणजे वाण्याच्या दुकानातला, पोरगा अजून मला रोज बाँजूर म्हणतो आणि मी रोज त्याला थँक्यू म्हणते. चाळीस वर्षं झाली, माझं फ्रेंच तिथेच आहे.

आत्यावर रागवायचंच असेल तर पत्र लिहून रागव, म्हणजे निदान अक्षर तरी दिसेल.

तुझी,
वनिताआत्या

*

पोनोका
६ जुलै २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

नोकरी मिळाली. ऑक्टोबरच्या मध्यात सस्काटूनला हजर व्हायचंय. शैलेंद्रदादा फार चांगले बोलले. बाबांना सांगितलं तर त्यांनी तासाभरात सगळ्या शहाद्याला कळवलं. मी तबेल्यात जाऊन हेझलच्या मानेत तोंड खुपसून रडले. तिने माझ्या खिशातलं गाजर काढून खाल्लं.

सस्काटून इथून सहा तास. रोज सोडच, वीकेंडलाही जमायचं नाही. लॉर्न आता घोड्यावर बसत नाही, म्हणून माझ्यानंतर हेझल डार्लीनकडे जाणार. डार्लीन सकाळ-संध्याकाळ स्कूलबस चालवते आणि मधल्या वेळात घोडे. बाई चांगली आहे, तेच मला सहन होत नाही. तीन वर्षं घोडी मी घडवली, आणि शेवटचं वर्ष तिचं, फळीवर नाव तिचं.

म्हणून एक विचारते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला इथे शो आहे. मी आत्ताच म्होरकी काढली आणि उन्हाळाभर एका लगामावर मेहनत केली, तर एकदा, एकदाच, मला तिला तशी रिंगणात नेता येईल. लॉर्नला विचारलं. तो म्हणाला की अजून वर्षभर तरी नको, पण हात तुझा आहे, तूच ठरव. मग त्याने मला मागच्या कुरणातला एक घोडा दाखवला. कोणीतरी घाईने एका लगामावर आणलेला. लगाम नुसता हलला तरी तोंड उघडतो आणि मान आभाळात. त्याला आता कोणी घेत नाही.

पण हेझल तशी नाही, आत्या. ती हुशार आहे. आज म्होरकीला हात न लावता दहा मिनिटं चालली. काय करू?

उत्तर लवकर दे, आणि जे काय देशील ते प्रेमाने दे.

ऊर्मी

*

लव्हाल
२० जुलै २०२५

चि. ऊर्मीस,
अनेक आशीर्वाद.

नोकरीचं वाचून देवापुढे साखर ठेवली.

घोडीबद्दल विचारतेस तर ऐक. मी चौथी केलीच नाही, हे तुला माहीत आहे का? नाना शाळेत गेले, हेडमास्तरांना भेटले आणि मला तिसरीतून एकदम पाचवीत बसवून आले. डबल प्रमोशन म्हणायचे त्याला. गावात पेढे वाटले होते. काय बिघडलं माझं? बी.एस्सी. झाले, इथे येऊन बँकेत लागले, घर केलं. हुशार पोरीला एक वर्ष कशाला वाया घालवायला लावायचं? तुझी हेझलही हुशार आहे म्हणतेस. मग बसव की पाचवीत.

आणि तू एवढं सगळं सोडून चाललीस ते आमच्या सांगण्यावरून. एक गोष्ट तरी मनासारखी करून जा. परीक्षेला बसायच्या आधीच नापास झाल्यासारखं तोंड करू नये. त्या बसवाल्या बाईला काय, दुसरी घोडी मिळेल.

शोचा फोटो पाठव, मोठा छापून. फोनवरचा मला दिसत नाही, आणि तुझ्याशिवाय मला इथे फोटो पाठवणारं कोण आहे?

वनिताआत्या

*

लव्हाल
२४ सप्टेंबर २०२५

चि. ऊर्मीस,
आशीर्वाद.

टपालाचा संप होणार म्हणतात, म्हणून आजच पेटीत टाकते. तुझा शो ऑक्टोबरच्या सुरुवातीला आहे, तोवर पोचावं. हे देवेशच्या फोनवरून कळवण्यासारखं नाही.

जुलैत मी तुला लिहिलं ते अर्धंच लिहिलं. तेव्हापासून मनाला चैन नाही. काय बिघडलं असं मी विचारलं होतं. भागाकार चौथीत शिकवायचे. मला तो कधी नीट आलाच नाही. बँकेत इतकी वर्षं काढली ती मशीनच्या जोरावर, आणि अजून कोणी समोर बसून भाग द्यायला सांगितलं तर मी चष्मा शोधायच्या निमित्ताने उठते. पण तेही जाऊ दे, ते माझं मी निभावलं.

तुझे बाबा माझ्याहून एक वर्षाने मोठे. ते चौथी पास होऊन पाचवीत आले, तर त्याच वर्गात मी. धाकटी बहीण. मला नऊ वर्षं झालेली, आणि माझा नंबर त्यांच्या वर. नाना रोज जेवायला बसले की त्यांना म्हणायचे की धाकटीकडे बघ. सहा वर्षं रोज, ताटावर. माझा भाऊ सुधाकर कधी उलटून बोलला नाही. घास तोंडात तसाच धरून बसायचा. आम्ही त्याआधी एका पाटीवर दोघं चित्रं काढायचो. त्यानंतर त्याने माझ्याशी कधी नीट गप्पा मारल्या नाहीत. आजही मी बोलले की तो आधी खूश होतो आणि मग मी काही चांगलं सांगायला लागले की गप्प होतो. तुला हे दिसलं असेल.

घाई नानांनी केली, पेढे नानांनी वाटले, आणि त्याची किंमत दुसऱ्यानेच चुकवली. तुझ्या घोडीला तर बोलताही येत नाही. ऊर्मी, म्होरकी काढू नकोस. मी सांगितलं होतं म्हणून करत असशील तर मी आता नको म्हणते.

नाव नाही आलं फळीवर तर नाही आलं. तू माझी आहेस, तेवढं मला पुरे, आणि तुलाही पुरवून घे.

वनिताआत्या

*

पोनोका
१२ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

संपामुळे हे कधी जाईल माहीत नाही, तरी लिहिते. तुझं जुलैनंतर काही आलं नाही. बरी आहेस ना? मी उद्या सस्काटूनला निघते. विंटर टायर्स कालच टाकून घेतले.

शो चार तारखेला झाला. तुझं पत्र वाचून मला बळ आलं होतं, आणि हेझल सगळा उन्हाळा खरंच गुणी वागली. एका लगामावर गोल घेतले, थांबली, वळली, माझं बोट हललं की तिला कळायचं. लोक कुंपणाला टेकून बघायला लागले. मला वाटलं, आत्या, की लॉर्न उगाच घाबरतो.

मग गाय सोडली. लाल, चपळ. पहिल्यांदा वळवली. दुसऱ्या वळणावर गाय एकदम आमच्या पुढ्यात आत शिरली आणि मी घाबरले. घाबरल्यावर माणूस काय करतो? ओढतो. मी सगळ्या जोराने ओढलं. म्होरकी असती तर तो झटका नाकावर गेला असता. ती नव्हती. हेझलचं तोंड उघडलं, मान वर गेली, आणि तरी ती वळली. गाय वळवून दिली तिने मला. बाहेर आलो तेव्हा फेसात रक्त होतं.

लॉर्नने ओलं फडकं आणून तिचं तोंड पुसलं. जीभ कापली होती. मला वाटलं होतं तो ओरडेल. तो एवढंच म्हणाला की मी तुला स्पष्ट नकार द्यायला हवा होता, तू जाणार म्हणून मला देववला नाही.

जखम भरत आलीय. पण लगाम उचलला की तिची मान वर जाते. मागच्या कुरणातल्या त्या घोड्यासारखी. मीच केलं हे.

फोटो आहे, पण पाठवत नाही. तुझी माया तेवढी मागते, बाकी काही लिहवत नाही.

ऊर्मी

*

सस्काटून
२३ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं चोवीस सप्टेंबरचं पत्र शेवटी मिळालं. ते लॉर्नच्या पेटीत येऊन पडलं, त्याने दुसऱ्या पाकिटात घालून इकडे पाठवलं. वर पेन्सिलीने लिहिलं होतं की उशीर झाला, सॉरी. जणू संप त्यानेच केला.

तू स्वतःला लावून घेऊ नकोस. एक खरं सांगते. हे पत्र वेळेवर आलं असतं तरी मी ऐकलं असतं असं वाटत नाही. मला हो ऐकायचं होतं, आणि लॉर्न हो म्हणेना म्हणून मी तुला विचारलं होतं.

बाबांना मी फोनवर तो पाटीचा आणि ताटाचा भाग वाचून दाखवला. विचारायला हवं होतं तुला, चुकलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले की वनिताचा गुडघा कसा आहे, आणि थंडीत तिला जिने चढू देऊ नका. तू त्यांना पत्र लिही. तुझं काय चांगलं चाललंय ते लिहू नकोस, त्यांचं काय चाललंय ते विचार.

ऑफिस ठीक आहे. खिडकीतून रेल्वेचे धान्याचे डबे दिसतात. वर्ष भरेल, पी.आर. होईल, सगळं तुम्ही म्हणालात तसं होईल.

मागच्या शनिवारी सुट्टी जोडून पोनोक्याला गेले होते. डार्लीनने हेझलची कडी काढून टाकलीय. पुन्हा पहिल्यापासून, नुसत्या म्होरकीवर. दोन वर्षं जातील, कदाचित तीन, आणि तरी एका लगामावर येईल की नाही हे ती सांगत नाही. मी विचारलंही नाही. लॉर्न मला तो आयाळीचा दोर आठवण म्हणून देत होता. मी नाही घेतला, तो हेझलला लागणार आहे. फळीवर नाव कोरू का, असंही त्याने विचारलं, कारण नियमाने मी तिला एका लगामावर नेलंच होतं. मी म्हटलं की जागा रिकामी ठेव, डार्लीनसाठी.

हेझलने मला लांबून ओळखलं. कुंपणापाशी धावत आली, अगदी पूर्वीसारखी, नाकाने फुरफुरत. मी तिच्या कपाळावरून हात फिरवायला म्हणून हात उचलला, आणि तिची मान वर गेली. लगाम नव्हता, काही नव्हतं, नुसता माझा हात. डार्लीनने हात उचलला तर ती हलत नाही.

मग मी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि तशीच उभी राहिले. थोड्या वेळाने ती आली, आणि माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी राहिली. आम्ही दोघी खूप वेळ तशाच होतो. मी हात बाहेर काढले नाहीत.

माझ्यावर लोभ ठेवशीलच. तिच्याही नावाने थोडा ठेव.

तुझी,
ऊर्मी