समोरच्या गाळ्यातील मोठ्याने होणारे प्रूफवाचन बंद करणेबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापन अधिकारी,
पेठ विभाग ग्रंथमहोत्सव समिती,
प्रदर्शन कार्यालय (मंडपामागील तंबू),
सदाशिव पेठ, पुणे.

विषय : गाळा क्र. ३२ माझ्या गाळ्यासमोरून हलविणे. ते शक्य नसल्यास तेथील मोठ्याने चालणारे प्रूफवाचन बंद करणेबाबत.

संदर्भ : १) माझी शनिवारची तोंडी तक्रार. २) त्यावरील आपले उत्तर, ‘बघू’.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळविते की, मी निवृत्त शिक्षिका असून सदाशिव पेठेतून ‘परसदार प्रकाशन’ चालविते. प्रदर्शनात मला गाळा क्र. ३१ मिळाला आहे. मधल्या वाटेपलीकडे, नाकासमोर, गाळा क्र. ३२ ‘तिरकी रेघ प्रकाशन’ यांना दिलेला आहे. दोघांकडेही बायकांची पुस्तके, तेव्हा बसवा समोरासमोर, असा विचार आपल्या कार्यालयाने केला असावा. हेतू चांगलाच असणार. परिणाम मी भोगते आहे.

१. ‘परसदार’ ही संस्था मी व श्रीमती शालन वानखडे अशा दोघींनी पंच्याऐंशी साली काढली. शालनबाई खामगावच्या. पुण्यात येऊन छापखान्यात खिळे जुळविण्याचे काम करीत. इतर प्रकाशकांनी ‘याला वाचक नाही’ म्हणून साभार परत केलेली बायकांची हस्तलिखिते आम्ही छापली. विडी वळणारीचे छापले, नवऱ्याचे घर सोडून आलेलीचे छापले आणि पुढे, बाईवर जीव जडलेल्या बाईचेही छापले. ते पुस्तक वाचून साताऱ्याहून एक बाई एसटीने आल्या, आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि असे छापणारे कोणी खरेच आहे का ते पाहायला आले, म्हणाल्या. चहासुद्धा न घेता परत गेल्या. वाचक नाही म्हणणाऱ्यांकडे असे कोणी आले असेल तर मला कळवावे.

२. दिवाळीनंतर शालनबाई ‘परसदार’ सोडून ‘तिरकी रेघ’मध्ये गेल्या व राहावयास येरवड्यास भाचीकडे गेल्या. तोपर्यंत आम्ही एकत्र राहत होतो. कारण असे की, त्यांनी ‘आम्ही मांडलेली घरं’ या नावाचे पुस्तक तयार केले आहे. पुण्यात जोडीने राहिलेल्या बायकांकडे जाऊन, बसून, त्यांच्या घरांविषयी ऐकून ते लिहिले आहे. पुस्तक उत्तम आहे. मी शिक्षिका आहे, उगाच गुण देत नाही. मात्र शेवटचे प्रकरण त्यांनी आमच्या घरावर लिहिले. ते गाळावे असे मी सुचविले. माझ्या विद्यार्थिनींच्या आता मुली शाळेत आहेत, ग्रंथालये आमची पुस्तके घेतात, शिवाय भाऊ याच पेठेत राहतो. शालनबाई भांडल्या नाहीत. “मग बाकीच्यांच्या घरात तरी कशाला डोकवायचं?” एवढेच म्हणाल्या आणि हस्तलिखित उचलून घेऊन गेल्या.

३. ‘तिरकी रेघ’च्या संचालिका कु. स्वराली नगरकर. वय अठ्ठावीसच्या आसपास. वाघोलीस राहतात, संगणक कंपनीत नोकरी करतात आणि प्रकाशन शनिवार-रविवारी करतात. आम्ही ज्यात आयुष्य घातले ते यांचे सुट्टीचे काम आहे. त्यांच्या गाळ्यावर सतत गर्दी. गर्दीत निम्म्या मुली गळ्यात कंपनीचे ओळखपत्र अडकवून आलेल्या. माझ्याकडे बायका पुस्तक निवडत, इकडेतिकडे पाहत आणि वर्तमानपत्रात गुंडाळून द्या म्हणत. त्यासाठी मी रद्दीचा वेगळा गठ्ठा ठेवीत असे. समोर मुली तसलेच पुस्तक उघडे हातात धरतात, वर मोबाइलने फोटो काढून घेतात. हे दिवस यावेत म्हणूनच आम्ही पुस्तके छापली, हे मला मान्य आहे. ते समोरच्या गाळ्यात का आले, हा माझा प्रश्न आहे.

गैरसमज नको म्हणून नमूद करते की, कु. स्वराली यांना त्यांची स्वतःची मैत्रीण आहे. राजनंदिनी नाव. रोज स्कूटरवर घ्यायला येते आणि डबा रिकामा झाला का ते सर्वांदेखत विचारते. तेव्हा त्या बाबतीत माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार वाचनाबाबत आहे.

४. आपण पुस्तके विकणाऱ्यांत वावरता, छापणाऱ्यांत नाही, म्हणून खुलासा करते. प्रूफ तपासायला दोन माणसे लागतात. एकीने हस्तलिखित मोठ्याने वाचायचे, अगदी स्वल्पविरामासकट, आणि दुसरीने प्रुफावर बोट ठेवून जुळते का पाहायचे. परिच्छेद संपला की वाचणारी थांबते. जुळले की ऐकणारी ‘पुढे’ म्हणते, तेव्हाच पुढे जायचे. आमच्या घरी जेवणाचे टेबल नव्हते, प्रुफांचे होते. आम्ही एरवी अबोला धरला तरी प्रुफे वाचीत असू. माझा आणि शालनबाईंचा संसार बव्हंशी असाच झाला.

शनिवारपासून हे वाचन माझ्या समोर, माझ्या कानांवर, दुसऱ्या बाईबरोबर चालू आहे. शालनबाई वाचतात. कु. स्वराली परिच्छेद संपल्यावर ‘ओके’ म्हणतात. कधी तेही म्हणत नाहीत, नुसती मान हलवतात, मोबाइल पाहता पाहता. महोदय, मी जळते. दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही. मी ज्या जागेवर बसत होते तिथे कोणी बसावे याचे वाईट वाटतेच, पण तिथे बसून धड लक्षही देऊ नये, याने माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

५. शालनबाईंना नव्या कागदाच्या धुळीने शिंका येतात. गाळा क्र. ३२ मध्ये टेबलपंखा नेमका पुस्तकांच्या गठ्ठ्याकडून त्यांच्या तोंडाकडे लावलेला आहे. कालपासून त्या शिंकत आहेत. पंख्याची दिशा बदलण्याचा लेखी आदेश आपण देऊ शकता का? मी जाऊन सांगणे योग्य दिसणार नाही.

सबब विनंती की, गाळा क्र. ३२ मंडपाच्या दुसऱ्या टोकास, पाककृतींच्या पुस्तकांकडे हलवावा. प्रदर्शन रविवारपर्यंत आहे, तोवर मी हे ऐकू शकणार नाही.

येथवरचा मजकूर सकाळी लिहिला. सही करणार तोच पुढील प्रकार घडला. अर्ज फाडून नवा लिहावा हे रीतसर झाले असते, पण मला तेवढा धीर नाही. तेव्हा खाली जोडून लिहिते, तो याच अर्जाचा भाग समजावा.

६. दुपारी कु. स्वराली यांना, रजेवर असूनही, कंपनीतून फोन आला आणि त्या लॅपटॉप काखोटीला मारून धावत गेल्या. प्रुफे संध्याकाळी छपाईला जायची होती, कारण पुस्तक रविवारी याच प्रदर्शनात प्रकाशित करायचे घाटत आहे. (आमच्या वेळी नुसत्या बांधणीला आठवडा लागे. असो.) शालनबाई एकट्या राहिल्या. एका हातात हस्तलिखित, दुसऱ्या हातात प्रूफ, असे स्वतःच वाचू लागल्या. असे एकटीने तपासता येत नाही. डोळा स्वतःच्याच लिखाणाला फसतो, हे त्यांनीच मला शिकविले आहे. परिच्छेद संपला. त्या सवयीने थांबल्या. ‘ओके’ म्हणायला कोणी नव्हते.

मी माझ्या खुर्चीतून “पुढे” म्हटले. ठरवून म्हटले नाही. तोंडातून गेले.

७. शालनबाईंनी वर पाहिले नाही. उठल्या, वाट ओलांडली, प्रुफांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला, परत गेल्या आणि आपल्या खुर्चीवरून हस्तलिखित वाचू लागल्या. मधून गिऱ्हाइके जात होती, म्हणून आवाज वाढवावा लागला. माझाही वाढला. शेजारच्या गाळा क्र. ३० चे स्तोत्रांची पुस्तके विकणारे श्री. श्यामसुंदर यांनी आपणाकडे केलेली तक्रार यासंबंधीच आहे. ती खरी आहे. आपली नोटीसही शिपायाने आणून दिली. मोठ्याने होणारे प्रूफवाचन बंद करा, अन्यथा गाळा रद्द. मी सकाळी नेमके हेच मागितले होते. आपले कार्यालय इतके तत्पर असू शकते याची मला कल्पना नव्हती.

८. आता मूळ मुद्दा. वाचत वाचत आम्ही शेवटच्या प्रकरणाशी आलो. शालनबाईंनी ते न अडखळता वाचले. पाहुण्यांना दाखविण्यासाठी ठेवलेली वेगळी खाट, तिच्यावर वाळत घातलेले पापड, माझा भाऊ येणार असला की त्यांनी स्वतःहून मंडईत जाणे आणि तो गेल्याचा अंदाज घेऊन परतणे. सगळे होते. मी बोट ठेवून पाहत होते. स्वल्पविरामांसकट जुळत होते.

त्या पुस्तकात बाकीच्या सर्व बायकांनी नावे दिली आहेत. एक तर नातवंडांची आजी आहे, तिनेही दिले आहे, वर आडनावासकट. माझ्या ठिकाणी छापले होते, ‘माझ्याबरोबर राहणाऱ्या बाई’. शालनबाईंनी प्रकरण ठेवले होते, पण माझे नाव गाळून माझा शब्द राखला होता. मी आजपर्यंत एका स्वरालीवर जळत होते. त्या क्षणी पुस्तकातल्या झाडून सगळ्या बायकांवर जळले. त्यांच्या माणसांनी त्यांना नावाने हाक मारलेली होती, आणि माझ्या घराच्या प्रकरणात मीच भाडेकरू.

मी म्हटले, “इथे चूक आहे. नाव घाल. सरोजिनी लिमये. जिथे जिथे ‘बाई’ आहे तिथे.”

शालनबाई म्हणाल्या, “मोठ्यानं सांग. ऐकू आलं नाही.”

त्यांचे कान उत्तम आहेत. मी मोठ्याने सांगितले. वाटेतल्या गिऱ्हाइकांनी वळून पाहिले, ओळखपत्रवाल्या दोन मुली थांबल्या, आणि श्री. श्यामसुंदर तक्रार लिहायला बसले. शालनबाई आल्या व माझ्याच टेबलावर वाकून लाल शाईने एकेक ठिकाणी माझे नाव लिहीत गेल्या. मी पाने धरून ठेवली. पंखा मी स्वतः जाऊन फिरवला आहे, त्याबाबत आता आदेश नको. संध्याकाळी त्या येरवड्याच्या बसने जातात किंवा नाही, हे आपणास कळविण्याचे कारण नाही.

९. पुस्तक ‘तिरकी रेघ’चेच राहील. ते हक्काने त्यांचे आहे, कारण त्यांनी हो म्हटले तेव्हा मी नाही म्हटले होते. मुखपृष्ठावर ‘परसदार’ नसणार, याने मला झोप लागणार नाही. कु. स्वराली यांचे मी अभिनंदन करीन, परंतु आज नाही.

सबब, वरील सर्व विनंत्या रद्द समजून पुढीलप्रमाणे व्हावे :

गाळा क्र. ३२ आहे तिथेच राहू द्यावा. रविवारी सायंकाळी व्यासपीठावर पुस्तकाचे प्रकाशन करण्यास परवानगी द्यावी. लेखिका शालनबाई व मी, अशा दोन खुर्च्या शेजारी मांडाव्यात.

निवेदक श्री. माधवराव आम्हां दोघींची ओळख गेली कित्येक वर्षे ‘भगिनी’ अशी करून देत आले आहेत. त्यांचा दोष नाही, त्यांना कोणी सांगितले नव्हते. रविवारी त्यांनी पुढील वाक्य जसेच्या तसे वाचावे : “शालन वानखडे आणि त्यांच्या संसारातल्या जोडीदार सरोजिनी लिमये.” माधवरावांना ते जड जाणार असेल, तर आग्रह नाही. ध्वनिक्षेपक माझ्या हाती द्यावा. मी सांगेन.

आपली, एरवी नम्र,

(सही)
सरोजिनी लिमये
गाळा क्र. ३१
मंगळवार, दि. १८ डिसेंबर २००७

सोबत : आपली नोटीस, वाचून परत.